आर्किटेक्चरमधलं ऑनर्सचं वर्ष: पीएचडीआधी नेमकं काय शिकायचं?

प्रश्न थोडक्यात असा: आर्किटेक्चरची तीन वर्षांची पदवी संपत आली आहे आणि पुढे पीएचडी करायची इच्छा आहे. मध्ये एक वर्षाचं ऑनर्स करावं, की सरळ दोन वर्षांच्या व्यावसायिक मास्टर्सला प्रवेश घ्यावा? स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या प्रत्यक्ष कामात, गुण चांगले मिळतात, लिखाणाची सवय मात्र नाही. विषय म्हणून 'शाळेच्या इमारतीचा मुलांच्या शिकण्यावर होणारा परिणाम' डोक्यात आहे.

संशोधनाची ओढ खरी असेल तर ऑनर्स जरूर करा. पण डिझाइनचं अजून एक वर्ष म्हणून ते करणार असाल तर वाया जाईल. स्टुडिओनं तुम्हाला तीन वर्षं उत्तरं काढायला शिकवलं. ऑनर्सचं काम वेगळं आहे. तिथे प्रश्न असा मांडायला शिकायचं असतं की त्याचं उत्तर तुमच्या अंदाजाच्या उलटही येऊ शकेल, आणि तसं आलं तरी तुम्ही ते मान्य कराल. डिझाइन शिकलेल्या माणसाला नेमकं हेच सगळ्यात जड जातं. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना आणि प्रबंध तपासताना हीच अडचण मला सतत दिसत आली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्यवहाराचं बोलू. 'ऑनर्स' म्हणजे सगळीकडे एकच गोष्ट नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्या शैक्षणिक चौकटीत ऑनर्स आठव्या पातळीवर येतं, मास्टर्स नवव्या आणि डॉक्टरेट दहाव्या. स्कॉटलंडमध्ये ते चार वर्षांच्या पदवीतच मिसळलेलं असतं. इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या नेहमीच्या पदवीलाच ऑनर्स म्हणतात, त्यात संशोधनाचं वेगळं वर्ष नसतं. त्यामुळे नाव बघून निर्णय घेऊ नका. अभ्यासक्रमाचा तक्ता काढा आणि स्वतंत्र प्रबंधाला किती क्रेडिट्स आहेत ते मोजा. वर्षाच्या क्रेडिट्सपैकी निम्म्याच्या आसपास प्रबंधाला असतील तर ती संशोधनाची तयारी आहे. पावसुद्धा नसतील तर तो जादा विषयांचा एक गठ्ठा आहे.

दुसरी गोष्ट परवान्याची. ऑस्ट्रेलियात आर्किटेक्ट म्हणून नोंदणीची नेहमीची वाट तीन अधिक दोन वर्षांची आहे. मधलं संशोधनाचं ऑनर्स त्या वाटेवर एक वर्ष वाढवतं, कमी करत नाही. दक्षिण आफ्रिकेत उलट आहे, तिथे ऑनर्स हीच व्यावसायिक मास्टर्सच्या आधीची पायरी असते. आणि तुमच्या विद्यापीठाच्या मास्टर्समध्येच संशोधनाचा भरीव प्रबंध असेल, तर पीएचडीसाठी तो चालतो का हे प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा. चालत असेल आणि आर्किटेक्ट म्हणून कामही करायचं असेल, तर ऑनर्स सोडून त्या वाटेनं जाण्यात काहीच कमीपणा नाही. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी मात्र पीएचडीच्या शिष्यवृत्तीच्या रांगेत प्रथम वर्ग ऑनर्स हीच ओळखीची मोजपट्टी आहे. बहुतेक विद्यापीठांत तो 80 टक्क्यांपासून सुरू होतो, आणि त्यात प्रबंधाचे गुण निर्णायक ठरतात.

आता मूळ अडचणीकडे. डिझाइन करताना माणूस विचार कसा करतो याचे अभ्यासक ब्रायन लॉसन यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रयोग केला होता, तो प्रत्येक ऑनर्सच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. त्यांनी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचे आणि विज्ञानाचे विद्यार्थी घेतले, त्यांना रंगीत ठोकळे दिले आणि बाहेरच्या बाजूंवर ठराविक रंग जास्तीत जास्त दिसेल अशी मांडणी करायला सांगितलं. ठोकळ्यांच्या कोणत्या जोड्या चालतील याचा एक नियम होता, पण तो सांगितला नव्हता. मांडणी चालते की नाही, एवढंच कळायचं. विज्ञानाचे विद्यार्थी आधी तो नियम शोधायच्या मागे लागले. त्यासाठी ते वेगवेगळ्या जोड्या करून बघत. आर्किटेक्चरचे विद्यार्थी रंगाच्या दृष्टीनं सर्वात चांगली मांडणी करत. ती नाकारली गेली की त्याच्या खालोखालची, मग त्याच्या खालोखालची. नव्यानं प्रवेश घेतलेल्यांवर तसाच प्रयोग केला तेव्हा हा फरक तितका ठळक दिसला नाही. याचा अर्थ ही सवय बरीचशी शिक्षणानं लागते.

डिझाइनसाठी ती सवय चांगलीच आहे. उत्तर करून बघत बघत प्रश्न समजून घेणं ही आपल्या व्यवसायाची ताकद आहे, आणि ती टाकून द्या असं मी अजिबात म्हणत नाही. पण प्रबंधात ती अशी उगवते: पहिल्याच प्रकरणात 'मुलांच्या शिकण्यासाठी शाळा निसर्गाशी जोडलेली हवी' हे ठरलेलं असतं, पुढची तीन प्रकरणं त्याला दुजोरा देणारी उदाहरणं गोळा करतात आणि शेवटी एका नव्या शाळेचं डिझाइन येतं. शीट्स, म्हणजे सादरीकरणाची चित्रं, देखण्या असतात. पण परीक्षक विचारतो, तुमचं म्हणणं चुकीचं असतं तर ते तुम्हाला कुठे कळलं असतं? त्यावर उत्तर नसतं.

तुमच्याच विषयातलं एक उदाहरण घेऊ. 1999मध्ये कॅलिफोर्नियातल्या हेशाँग महोन ग्रुप या सल्लागार संस्थेनं अमेरिकेतल्या तीन शाळा-जिल्ह्यांमधल्या 21,000हून अधिक विद्यार्थ्यांचे परीक्षेचे गुण आणि त्यांच्या वर्गखोल्यांतला नैसर्गिक उजेड यांची सांगड घातली. कॅपिस्ट्रानो या जिल्ह्यात वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे असे दोन्ही गुण उपलब्ध होते, त्यामुळे मुलांची वर्षभरातली प्रगती मोजता आली. सर्वाधिक उजेडाच्या वर्गांतली मुलं सर्वात कमी उजेडाच्या वर्गांपेक्षा गणितात 20 टक्के आणि वाचनात 26 टक्के वेगानं पुढे गेलेली दिसली. हे आकडे जगभर फिरले. आजही कितीतरी विद्यार्थ्यांच्या सादरीकरणात ते पहिल्याच स्लाइडवर असतात.

पुढचा भाग मात्र फारसं कुणी वाचत नाही. चांगल्या शिक्षकांना चांगले वर्ग मिळतात, म्हणून तर हा फरक दिसत नसेल, अशी शंका निघाली. त्याच गटानं माहिती पुन्हा तपासली, आणि 2003मध्ये फ्रेस्नो या दुसऱ्या जिल्ह्यात नवा अभ्यास केला. यावेळी ते प्रत्यक्ष वर्गांत जाऊन खिडक्या, आवाज, हवा, सगळं नोंदवत होते. तिथे उजेडाचं माप आणि गुण यांचा तसा संबंध सापडला नाही. खिडकीतून बाहेरचं चांगलं दृश्य दिसणं फायद्याचं ठरलं, आणि डोळ्यांवर येणारी तिरीप तोट्याची. म्हणजे नुसता उजेड किती, याच्या पलीकडे जाऊन तो कुठून येतो, कशावर पडतो, त्याच्यासोबत काय दिसतं, असे नवे प्रश्न उभे राहिले.

मला या दोन अभ्यासांचा एकत्र विचार करणं फार मोलाचं वाटतं. पहिल्या निष्कर्षाचा एवढा गवगवा झाल्यावरही त्याच लोकांनी तो पुन्हा तपासला आणि वेगळं आलेलं उत्तर प्रसिद्ध केलं. लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहायचा तो या नजरेनं: कोण काय म्हणालं याची जंत्री करण्यापेक्षा कोणता निष्कर्ष कशावर उभा आहे, कुणी तो तपासला आणि तपासताना कुठे तडा गेला, हे लिहा. तुमचा प्रश्न बहुतेक वेळा अशा तड्यातच सापडेल.

तुमचा विषय आहे तसा ऑनर्सला झेपणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. 'शिकणं' मोजायचं कसं, यावरच शिक्षणशास्त्रात हयात घालवणारी माणसं आहेत. शिवाय मुलांचं निरीक्षण किंवा मुलाखती करायच्या तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत ती छाननी सर्वात कडक असते. पालकांची संमती, शाळेची संमती, बऱ्याच ठिकाणी शिक्षण खात्याची वेगळी परवानगी. हे सगळं हाती येईपर्यंत महिने उलटतात आणि ऑनर्सचं कामाचं वर्ष जेमतेम नऊ महिन्यांचं असतं. हुशार मुलंही इथे अडकतात. परवानगीची वाट बघत पहिलं सत्र जातं आणि मग घाईघाईत प्रश्नावली ऑनलाइन टाकून 14 उत्तरांवर प्रकरण लिहिलं जातं.

म्हणून विषय आवडता ठेवा आणि पुरावा बदला. मुलांऐवजी इमारत वाचा. समजा प्रश्न असा केला: एकाच शिक्षण खात्यानं वीस वर्षांच्या काळात बांधलेल्या प्राथमिक शाळांमध्ये वर्गाबाहेरची पण छताखालची जागा, म्हणजे कॉरिडॉर, व्हरांडा, जिन्याखालचा मोकळा भाग, एकूण बांधकामाच्या किती टक्के राहिली, आणि ती बदलली असेल तर नियमातल्या कोणत्या बदलानंतर? यासाठी मंजूर नकाशे लागतात, नियमांच्या जुन्या आवृत्त्या लागतात आणि मोजायची चिकाटी लागते. बहुतेक कागदपत्रं सरकारी दफ्तरात किंवा ग्रंथालयात असतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे उत्तर उलटं येऊ शकतं. जागा आक्रसत गेली असेल असं तुम्हाला वाटतंय, पण नकाशे कदाचित सांगतील की ती वाढली, फक्त तिची रुंदी कमी होऊन लांबी वाढली. मग तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल, आणि पीएचडीत त्याच जागांमध्ये मुलं काय करतात हा पुढचा प्रश्न परवानग्यांसह, तीन-चार वर्षांच्या सवडीनं घेता येईल.

प्लॅन हा पुरावा होऊ शकतो का, ही शंका विज्ञानशाखेतले परीक्षक कधीकधी काढतात. होतो, जर तो नीट वाचला तर. वास्तुकलेचे इतिहासकार रॉबिन इव्हान्स यांनी 1978मध्ये एका निबंधात नेमकं हेच केलं. इटालियन चित्रकार-वास्तुकार राफाएलच्या रोममधल्या व्हिला मादामाच्या प्लॅनमध्ये एकेका खोलीला दोन, तीन, चार दारं आहेत. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जायचं, वाटेत माणसं भेटणारच. त्याच्यासमोर त्यांनी जॉन थॉर्पचा 1597चा लंडनच्या चेल्सीतल्या ब्यूफर्ट हाउसचा प्लॅन ठेवला. त्यात सगळ्या खोल्यांना जोडणारी एक लांब वाट दिसते, कॉरिडॉरचं इंग्लंडमधलं अगदी सुरुवातीचं उदाहरण. दारं मोजून आणि वाटा आखून त्यांनी दाखवलं की घरातला एकांत ही कल्पना प्लॅनमध्ये कशी उतरत गेली. ना प्रश्नावली, ना उपकरणं. तुमच्या शाळांच्या कॉरिडॉरकडे बघण्याची एक तयार दिशाच यातून मिळते.

चित्र काढणं हीसुद्धा पद्धत होऊ शकते, आणि तिथे तुमचं स्टुडिओतलं कौशल्य थेट उपयोगी पडतं. 1958च्या ऑक्सफर्ड परिषदेनं ब्रिटनमधलं आर्किटेक्चरचं शिक्षण विद्यापीठांकडे आणि संशोधनाकडे वळवलं. तिच्यात पुढाकार असलेले लेस्ली मार्टिन पुढे केंब्रिजमध्ये लायनेल मार्च यांच्यासोबत जमिनीचा वापर आणि इमारतींचे आकार यांवर काम करत होते. त्यांची एक मांडणी तुम्ही स्वतः कागदावर करून बघा. 100 मीटर बाजूचा चौरस प्लॉट घ्या आणि त्याचं निम्मं क्षेत्रफळ बांधा. मधोमध ठोकळा ठेवलात तर त्याची बाजू 70.7 मीटर येते. तेवढंच क्षेत्रफळ प्लॉटच्या कडेनं फिरवलंत तर फक्त 14.6 मीटर रुंदीची पट्टी पुरते आणि मध्ये भलंमोठं अंगण उरतं. पहिल्या इमारतीच्या पोटात दिवसाउजेड पोहोचणार नाही. दुसरीत प्रत्येक खोलीला एका बाजूनं तरी उजेड मिळेल. मजले तेवढेच, चटईक्षेत्र तेवढंच. घनतेसाठी उंचच बांधावं लागतं, या ठाम समजुतीला त्यांनी भूमितीनं प्रश्न विचारला. एका बदलाशिवाय बाकी सगळं स्थिर ठेवून काढलेलं असं चित्र संशोधनाचं काम करतं. स्टुडिओत आपण एका वेळी दहा गोष्टी बदलतो, म्हणून कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही.

डिझाइन करूनच संशोधन करायचं असेल तर? डिझाइनचे अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी 1993मध्ये डिझाइनविषयीचं, डिझाइनसाठीचं आणि डिझाइनमधून होणारं संशोधन अशी विभागणी केली, ती आजही वापरात आहे. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात तर प्रत्यक्ष व्यवसाय करणारे आर्किटेक्ट स्वतःच्या कामावर पीएचडी करतात. वाट आहे. पण ऑनर्सच्या पातळीवर मी ती सहसा सुचवत नाही, कारण एका वर्षात डिझाइन प्रबंधाला खाऊन टाकतं. शेवटच्या दोन महिन्यांत मॉडेल आणि शीट्स यांतच जीव अडकतो आणि लिखाण रात्री उरकलं जातं. करायचंच असेल तर डिझाइनच्या प्रत्येक टप्प्यावर काय तपासत होता आणि काय टाकून दिलं, याची तारखेसह वही ठेवा. परीक्षकाला अंतिम इमारतीपेक्षा ती वही जास्त सांगते.

आता लिखाण. सवय नाही म्हणता, तर ती लावायचा मला सर्वात परिणामकारक वाटणारा मार्ग असा: एक प्लॅन समोर ठेवा आणि त्यात जे दिसतं तेवढंच 500 शब्दांत लिहा, कौतुकाचं एकही विशेषण न वापरता. ज्युरीसमोर, म्हणजे डिझाइन तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, बोलून बोलून आपली भाषा सैल झालेली असते. 'प्रवेश प्रशस्त आणि स्वागतशील आहे' हे वाक्य ज्युरीत खपून जातं. 'मुख्य दारापासून पहिल्या वर्गापर्यंत तीन वळणं आहेत आणि त्यांतल्या एकाही वळणावरून ऑफिसची खिडकी दिसत नाही' हे वाक्य कुणीही प्लॅन उघडून पडताळू शकतं. दुसऱ्या प्रकारची वाक्यं सुचायला लागली की प्रबंध लिहिता येतो. आठवड्याला असा एक परिच्छेद आत्तापासून लिहा, ऑनर्स सुरू व्हायची वाट बघू नका. प्रबंध साधारण 10,000 ते 20,000 शब्दांचा असतो, आणि पीएचडीचा त्याच्या कितीतरी पट. शेवटच्या महिन्यात बसून हे होत नाही.

उदाहरणं निवडतानाही स्टुडिओची सवय आड येते. आपण प्रिसिडेंट, म्हणजे आधीचा दाखला, म्हणून पुरस्कार मिळालेल्या, मासिकात छापलेल्या इमारती घेतो. संशोधनात 'हीच पाच का?' याला उत्तर लागतं. सगळ्या एकाच नियमाखाली बांधल्या, सगळ्यांचे नकाशे उपलब्ध आहेत, पटसंख्या जवळपास सारखी आहे, अशी कारणं चालतात. छान दिसतात हे कारण चालत नाही. सामान्य, कुणी फोटो न काढलेल्या इमारती इथे जास्त उपयोगी पडतात. वाचन शोधताना गूगलच्या पहिल्या पानावर थांबू नका. कोलंबिया विद्यापीठाची एव्हरी सूची वास्तुकलेच्या नियतकालिकांसाठी 1934पासून चालू आहे आणि बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयातून ती उघडता येते. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा, म्हणजे शेवटी संदर्भ जुळवताना रडायची वेळ येणार नाही.

गाईडची निवड विषयापेक्षा महत्त्वाची आहे, असं माझं ठाम मत आहे. नावाजलेला डिझायनर उत्तम गाईड असेलच असं नाही. त्या व्यक्तीचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध वाचा. त्यात पद्धत कशी मांडली आहे, आकडे किंवा दस्तऐवज कसे वापरले आहेत, ते बघा. तिच्या हाताखाली आधी ऑनर्स केलेल्या एक-दोन जणांशी बोला आणि एवढंच विचारा: मसुदा दिल्यावर शेरे किती दिवसांत मिळायचे? पुढे पीएचडीच्या अर्जाला याच व्यक्तीचं शिफारसपत्र लागणार आहे. ज्यानं तुमचे चार मसुदे वाचलेत त्याचं पत्र वेगळं असतं, ज्यानं फक्त शेवटचं सादरीकरण पाहिलं त्याचं वेगळं.

वर्षाची आखणी मी अशी सुचवेन. पहिल्या सहा आठवड्यांत प्रश्न एका वाक्यात पक्का करा, आणि पुरावा खरंच हाती येतो का ते पाहण्यासाठी एकाच शाळेवर सगळी पद्धत चालवून बघा. एका इमारतीचे नकाशे मिळवून मोजायला तीन आठवडे लागले, तर वीस इमारतींचा बेत तिथेच सोडून द्या. पहिल्या सत्राच्या अखेरीस पद्धतीचं प्रकरण आणि वाचनाचं प्रकरण कच्चं का होईना, पूर्ण लिहिलेलं असू द्या. दुसऱ्या सत्रात मोजमाप, तक्ते, आकृत्या. शेवटचे सहा आठवडे फक्त पुनर्लेखनाला, त्यात नवीन माहिती घ्यायची नाही.

सध्या करायचं काम एकच. संभाव्य गाईडला पत्र लिहा, एका पानाचं. त्यात पोर्टफोलिओतली रेंडर केलेली दृश्यं जोडू नका. एका शाळेचा प्लॅन जोडा, त्यावर तुम्ही स्वतः मोजलेली एखादी गोष्ट लिहा, त्या मोजमापातून पडलेला प्रश्न दोन ओळींत मांडा, आणि त्याचं उत्तर शोधायला कोणती कागदपत्रं लागतील व ती कुठे मिळतील हे सांगा. त्यांच्या एखाद्या निबंधाशी तुमचा प्रश्न कुठे जुळतो किंवा कुठे वेगळा पडतो, तेही लिहा. असं पत्र घेऊन येणाऱ्याला मी तरी भेटीची वेळ लगेच देतो.